रात्रीची वाट दिवसा पाहून ठेवा

रात्री साडेअकरानंतर पुण्याच्या रस्त्यांवर सायकली दिसतात, त्या कोणाच्या असतात? पहाटे हेल्मेट-जर्सी घालून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघणाऱ्या मंडळींच्या तर नक्कीच नसतात. भोसरीच्या कारखान्यांतून सेकंड शिफ्ट उरकून येणारे कामगार, हॉटेलची शेवटची टेबलं पुसून निघालेले वेटर, पाळी बदलून घरी चाललेले वॉचमन आणि पेठांतल्या अभ्यासिकांतून खोलीवर परतणारी स्पर्धा परीक्षांची मुलं यांच्या असतात. सायकलीबद्दल जो सल्ला छापून येतो, तो मात्र बहुतेक वेळा त्या जर्सीवाल्यांसाठी असतो. कोणता गिअर घ्यावा, पाण्यात कोणती पावडर घालावी वगैरे. हा लेख रात्री घरी परतणाऱ्यांसाठी आहे. एखाद्या दिवशी ऑफिसातून उशिरा सुटलेल्या हौशी सायकलस्वाराला तो उपयोगी पडला, तर चांगलंच आहे.

अंधारात सायकल चालवायची वेगळी विद्या फारशी नाही. रस्ता ठाऊक असणं, हीच ती विद्या. ज्या रस्त्याचे दिवे महिनोन् महिने बंद आहेत, चेंबर खचलेत आणि केबलसाठी खणलेले चर अर्धवट बुजवून ठेकेदार निघून गेलाय, त्या रस्त्याची खबरबात ठेवायला दुसरं कोणी बसलेलं नाही. ती तुम्हालाच ठेवावी लागते, आणि रात्री ती ठेवता येत नाही. म्हणून एखाद्या सुट्टीच्या सकाळी, रहदारी कमी असताना, रोजच्या परतीच्या वाटेवरून सायकल घेऊन सावकाश या. परतीच्याच दिशेने या, हे महत्त्वाचं. सकाळी कामावर जाताना तुम्ही रस्त्याची एक बाजू वापरता, रात्री येताना दुसरी. जाण्याची बाजू पाठ असलेल्यालाही येण्याच्या बाजूच्या खड्ड्यांची जागा सांगता येत नाही.

पाहायचं काय? सगळा रस्ता पाहू नका. डाव्या कडेपासून साधारण दोन मीटरचा पट्टा पाहा, कारण तुमचं चाक त्यातूनच जाणार आहे. पहिली नजर चेंबरच्या झाकणांवर टाका. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढत गेले आणि झाकण जागच्या जागी राहिलं, की त्याचा खड्डा होतो. मग कोणी तरी तक्रार करतं, झाकण उचलून बसवलं जातं आणि ते रस्त्याच्या चार बोटं वर येतं. दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर शंभर मीटरच्या अंतरात सापडतात. मग पावसाळी गटाराच्या जाळ्या पाहा. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर नुसता धक्का बसतो. त्या रस्त्याच्या दिशेने उभ्या असतील आणि तुमचं टायर बारीक असेल, तर चाक आत जातं आणि तुम्ही हँडलवरून पुढे.

चरांचंही तसंच आहे. आडवा चर हाडं खिळखिळी करतो, पण पाडत नाही. रस्त्याच्या लांबीने गेलेला उभा चर पाडतो, कारण पुढचं चाक त्याच्या कडेला लागलं की हँडल वळवता येत नाही आणि तोल सावरायला हँडल वळवावंच लागतं. सिमेंटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं, तिथेही लांबीच्या दिशेने अशीच पायरी तयार होते. ती तिरकी चढायला जाऊ नका. वेग कमी करा, पुढचं चाक तिच्याशी जितकं काटकोनात घेता येईल तितकं घ्या, सीटवरून किंचित उठा आणि पार करा. रहदारीमुळे काटकोन मिळत नसेल, तर पाय टेकवून उतरा. यात कमीपणा नाही.

आणखी काही गोष्टी एकदा पाहिल्या की लक्षात राहतात. पट्टे उडालेले गतिरोधक. काँक्रीट मिक्सरमधून सांडून तिथेच घट्ट झालेले उंचवटे. बांधकामाजवळच्या वळणावर साचलेली कच. ब्रेक दाबून वळलात की ती चाकाखालून सरकते. गणपतीनंतर मांडवाच्या खांबांसाठी खणलेले आणि न बुजवलेले खळगे. हे सगळं लक्षात ठेवायला कागद लागत नाही, खुणा लागतात. ‘मेडिकलच्या पुढचं दुसरं झाकण’, ‘शाळेच्या भिंतीपाशी उजवीकडे सरकायचं’, एवढं पुरतं. फक्त ही यादी दर महिन्या-दोन महिन्यांनी ताजी करा, कारण खोदकाम करणारे तुम्हाला विचारून खोदत नाहीत.

आता वाट कोणती धरायची, ते. नकाशातला रस्ता अंतर दाखवतो, दिवे दाखवत नाही. रात्रीसाठी सर्वांत जवळची वाट हवी असा हट्ट सोडा. किलोमीटरभर जास्त चालवलं तर सायकलीवर चार-पाच मिनिटं जातात, तेवढी द्यावीत. दोन गोष्टी मात्र वेगवेगळ्या मोजा: उजेड आणि वर्दळ. लख्ख दिव्यांचा, पण दोन्ही बाजूंना नुसत्या कंपाउंडच्या भिंती असलेला रस्ता, आणि मिणमिणत्या उजेडाचा, पण उशिरापर्यंत उघडी पानटपरी, मेडिकल, रिक्षा स्टँड असलेला रस्ता, यांतला मी दुसरा निवडेन. सायकलीचा दिवा रस्ता दाखवू शकतो. पडल्यावर उचलायला माणूस लागतो.

पुण्यापुरतं काही ठोस सांगायचं, तर सायकल ट्रॅकवर रात्री भरवसा ठेवू नका. स्वारगेट-कात्रज रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी आली, तेव्हा कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. अशा ट्रॅकवर आज कुठे विजेचा खांब, कुठे डीपी, कुठे उभी मोटार, कुठे उखडलेले पेव्हिंग ब्लॉक भेटतात, आणि झाडांच्या सावलीमुळे रस्त्यावरचा उजेडही तिथे पोचत नाही. दिवसा ते नुसते गैरसोयीचे असतात, रात्री धोक्याचे होतात. मुख्य रस्त्याने चला. ‘ट्रॅक असताना रस्त्यावर कशाला?’ असं एखादा मोटारवाला खेकसला, तर खेकसू दे.

कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार सायकलीने रात्री टाळाच. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या जड वाहनांनी तिथे पुन्हा पुन्हा अपघात केले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर एकाच वेळी चाळीसहून अधिक वाहनं सापडली होती. पर्याय सेवा रस्त्याचा. तो अंधारा आणि खडबडीत असतो, शिवाय उलट्या दिशेने दिवा न लावता येणाऱ्या दुचाकी हा तिथला कायमचा पाहुणा. तरीही खड्ड्यात पडणं आणि ट्रकखाली सापडणं यांत निवड करायची वेळ आली, तर सेवा रस्ताच बरा. वेग दहाच्या आसपास ठेवा आणि घंटी वाजवत राहा.

भिडे पूल आणि मुठेच्या पात्रातला रस्ता कोरड्या दिवसांत सोयीचा असतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की हाच पूल आधी पाण्याखाली जातो. सोडलेल्या पाण्याचे क्युसेकचे आकडे पाटबंधारे विभाग जाहीर करतो आणि ते बातम्यांत येतात. संध्याकाळी कामावरून निघण्याआधी ते पाहायची सवय लावा. पूल बंद असल्याचं पात्रात उतरल्यावर कळलं, तर चढ चढून परत यावं लागतं आणि थकलेल्या माणसाला त्या वेळी बॅरिकेडच्या फटीतून सायकल घालायचा मोह होतो.

वेगाचा हिशेब एकदा आकड्यांत पाहिला की पटतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दिवसभर राबलेल्या माणसाला खड्डा दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद सहज लागतो, म्हणजे आठ मीटर गेले. चांगले ब्रेक, कोरडा रस्ता असेल तर थांबायला आणखी चार. एकूण बारा. हाच हिशेब ताशी १२ किलोमीटरला केला तर साडेसहा मीटरवर येतो. रिमला घासणारे रबरी ब्रेक पावसात भिजले की हे अंतर आणखी वाढतं. याचा सरळ अर्थ असा: तुमचा दिवा जितक्या अंतरावरचा खड्डा स्पष्ट दाखवतो, त्याहून कमी अंतरात थांबता येईल असाच वेग धरायचा. मोबाइलचा टॉर्च हँडलला बांधणाऱ्यांनी पावलाच्या वेगानेच जावं.

दिव्यासाठी पैसे खर्च करा, इतर सगळ्यात कंजुषी चालेल. रस्त्यावरचे दिवे चालू असतील तर पुढचा दिवा तुम्ही इतरांना दिसण्यापुरता असतो, शंभर ल्यूमेनही चालतात. वाटेत खरोखरच काळोखाचे पट्टे असतील, तर तीनशे-चारशे ल्यूमेनचा, यूएसबीवर चार्ज होणारा दिवा घ्या. आकडा मोठा म्हणून हजार ल्यूमेनचा दिवा घेऊन तो समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. समोरचा दुचाकीवाला आंधळा झाला की तो तुमच्याच अंगावर येणार. दिवा किंचित खाली झुकवा. भिंतीसमोर काही अंतरावर सायकल उभी करून पाहा, झोताचा मधला भाग दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडला पाहिजे. पावसासाठी दिव्याच्या खोक्यावर आयपीएक्स-४ किंवा त्याहून वरचा आकडा पाहून घ्या. पुढचा दिवा लुकलुकता ठेवण्याची फॅशन आहे. अंधाऱ्या रस्त्यावर ती उपयोगाची नाही, कारण लुकलुकत्या उजेडात खड्ड्याची खोली कळत नाही.

आमच्या आधीच्या पिढीचं या बाबतीत बरं होतं, असं मी म्हणणार नाही. टायरला घासणारा डायनामो पेडल मारताना उजेड द्यायचा आणि नेमकं चौकात थांबलं की विझायचा. पण तेव्हा दिवा नसला की पोलीस अडवायचा, चाकाची हवा सोडायचा, दंड करायचा. सायकलींचं शहर म्हणून पुणं मिरवायचं त्या काळातलं हे. आता बिनदिव्याच्या सायकलस्वाराला कोणी अडवत नाही, आणि हे काही स्वातंत्र्य नव्हे. आपण कोणाच्या खिजगणतीतच उरलो नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मागचा लाल दिवा पुढच्या दिव्याइतकाच जरुरीचा आहे. तो दोन ठिकाणी निकामी होतो: कॅरिअरवरच्या डब्याच्या पिशवीमागे आणि पावसाळ्यात रेनकोटच्या लोंबत्या टोकाखाली. सायकलवर बसून, सगळं सामान लावून, कोणाला तरी वीस पावलं मागे उभं करा आणि दिवा दिसतो का विचारा. जमल्यास दोन दिवे ठेवा, एक स्थिर आणि एक लुकलुकता. लुकलुकता लक्ष वेधतो, स्थिर असलेल्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज येतो.

कपड्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. फ्लुरोसंट पिवळा-पोपटी जाकीट दिवसा उठून दिसतं, कारण तो रंग सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं घेऊन चमकतो. रात्री अतिनील किरणं नाहीत, तेव्हा ती चमकही नाही. रात्री काम करतात त्या चंदेरी परावर्तक पट्ट्या, ज्या हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्या कुठे लावाव्यात? पाठीवर लावतातच, पण सर्वांत प्रभावी जागा म्हणजे घोटे आणि पेडल. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की चालकाला क्षणात कळतं, पुढे सायकल आहे. पेडलचे तुटलेले नारिंगी रिफ्लेक्टर बदलून घ्यायला फार खर्च येत नाही. चिकटपट्टीच्या रूपात मिळणारी परावर्तक टेप मडगार्डला, चेनकव्हरला, चाकाच्या तारांजवळ लावून घ्या. रेनकोट काळा किंवा निळा घेतला असेल, तर त्यावरही लावा.

चष्मा लागत असेल तर तो स्वच्छ पुसलेला असावा. नसेल, तर साधा पारदर्शक गॉगल वापरा. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती उडणारे किडे डोळ्यात जाऊन लोक पडतात. ‘नाइट ड्रायव्हिंग’चे म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचांचे चष्मे घेऊ नका. ते आहे तोच उजेड कमी करतात.

समोरून अप्पर मारत गाडी आली की नजर त्या दिव्याकडे ओढली जाते. ती मुद्दाम डाव्या कडेकडे, रस्त्याच्या पांढऱ्या रेषेकडे किंवा फुटपाथच्या कठड्याकडे वळवा आणि पेडल थांबवा. गाडी गेल्यावरही डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, आणि खड्ड्यात जाण्याची खरी वेळ तीच असते. म्हणून लगेच वेग घेऊ नका. लख्ख पेट्रोल पंपासमोरून अचानक काळोख्या रस्त्यात शिरतानाही हेच करायचं.

डाव्या कडेला अगदी चिकटून चालवावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. रात्री ते घातक ठरतं. कडेलाच जाळ्या असतात, काचा असतात, कच असते, उभ्या मोटारींचे अचानक उघडणारे दरवाजे असतात आणि उलट दिशेने येणारेही कडेनेच येतात. कडेपासून मीटरभर आत चला आणि तिथेच सरळ राहा. प्रत्येक उभ्या गाडीमागे आत-बाहेर नागमोडी गेलात, तर मागच्या चालकाला तुम्ही दिसता-लपता. अरुंद पुलावर किंवा रस्ता एकेरी झाला असेल तिथे मधोमध या. मागचा हॉर्न वाजवील, पण घासून पुढे जाणार नाही.

रात्री शहरात डंपर, मिक्सर आणि वाळूच्या गाड्या वाढतात. त्यांच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका, सिग्नललासुद्धा. तिथला माणूस ड्रायव्हरला आरशात दिसत नाही आणि गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. मागे थांबा किंवा फुटपाथवर चढा आणि तिला जाऊ द्या. उसाचा हंगाम सुरू झाला, की सोलापूर रस्ता, नगर रस्ता या बाजूंना राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ट्रॅक्टरमागच्या जोड ट्रॉल्यांना कितीदा तरी मागचा दिवा नसतो, आणि ऊस बाहेर आलेला असतो. अंधारात पुढे काही तरी संथ हलतंय असं वाटलं तर ती ट्रॉलीच आहे, असं धरून चाला.

कानात इअरफोन घालू नका. रात्री मागचं जग कानांनीच दिसतं.

पावसाबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. रस्त्यावर पाणी साचलंय आणि खालचं दिसत नाही, अशा ठिकाणी एकच नियम आहे: उतरा आणि परत फिरा. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत मोटार सोडून पाण्यातून चालत घरी निघालेले डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. ते नामांकित पोटविकारतज्ज्ञ होते आणि शहर त्यांच्या पायाखालचं होतं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून तिघे गेले. म्हणून पाण्यात उभ्या असलेल्या डीपीपासून, दिव्याच्या खांबापासून, जाहिरातीच्या लोखंडी सांगाड्यापासून लांब राहा, आणि तोल जातोय म्हणून खांबाला हात लावू नका. ओढ्याकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल. आंबिल ओढ्याला आलेल्या त्या पुराने पाणी किती वेगाने चढतं ते दाखवलं. कात्रज, सहकारनगर, पद्मावती या पट्ट्यात जोराचा पाऊस सुरू असेल, तर ओढ्यावरच्या छोट्या पुलांवरून जाण्यापेक्षा कंपनीतच किंवा वाटेतल्या उघड्या दुकानाच्या शेडखाली तासभर थांबलेलं बरं. घरी फोन करून तसं सांगा.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास मांजाचा धोका असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो, आणि झाडांवर, पुलांवर, तारांवर अडकून कित्येक दिवस लटकत राहतो. अंधारात तो दिसणं अशक्य. त्या काळात गळ्याभोवती जाड मफलर दोन फेरे घेऊन बांधा, थंडीही असतेच. उड्डाणपुलावरून जाऊ नका, खालून जा.

कुत्र्यांचा प्रश्न रात्रीच्या सायकलस्वाराला सर्वांत जास्त छळतो. टोळी बसते ती ठरलेल्या जागी: कचऱ्याचा ढीग, बंद चिकनच्या दुकानाच्या पायरीपुढचं अंगण, अर्धवट बांधकाम. ही ठिकाणंही त्या सकाळच्या फेरीत टिपून ठेवा. कुत्रा मागे लागतो तो पळत्या चाकाच्या. जोरात पेडल मारून सुटायचा प्रयत्न केलात तर तो आणखी चेकाळतो, आणि तुम्ही मागे पाहताना पुढच्या खड्ड्यात जाता. थांबा, उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये घ्या, खणखणीत आवाजात ‘हाड’ म्हणा आणि पाठ न दाखवता चालत पुढे सरका. बहुतेक कुत्री आपली हद्द संपली की थांबतात. लाथ मारू नका, एका पायावर उभा माणूस सहज पडतो.

चावलाच, किंवा नुसतं नख लागून रक्त आलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. पेट्रोल पंपावर पाणी मिळतं, साबण कुठल्याही टपरीवर. त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या सकाळी ससूनसारख्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा, तिथे ती मोफत असते. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ‘कुत्रा गल्लीतलाच आहे, ओळखीचा आहे’ हे कारण चालत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही.

माणसांबद्दल. बहुतेक रात्री काही होत नाही. तरी शनिवारी आणि एकतीस डिसेंबरला बारच्या बंद होण्याच्या वेळी रस्त्यावर नसणं चांगलं. अर्धा तास आधी किंवा नंतर निघा. कोणी दुचाकीवरून बरोबरीने चालवत बोलायला लागलं, तर न थांबता सर्वांत जवळच्या उजेडाकडे आणि माणसांकडे जा: पंप, मेडिकल, रिक्षा स्टँड, एटीएमचा वॉचमन. ही ठिकाणं आधीच माहीत असावीत. बायका-मुलींनी घरच्यांशी लाइव्ह लोकेशन शेअर करावं, हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे. पण ‘कुठे पोचलीस?’ म्हणून दर पाच मिनिटांनी फोन करणाऱ्या घरच्यांनाही थोडं समजावा. चालत्या सायकलीवर फोन उचलायला लावणं हाही धोकाच. ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी आहे, १०८ रुग्णवाहिकेचा.

रोजच्या वाटेवर एखाद-दुसरी ओळख करून ठेवणं मला कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचं वाटतं. रात्रपाळीचा वॉचमन, उशिरापर्यंत उघडा चहावाला, टपरीवरचे काका. येता-जाता हात करत जा. एके दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर ‘आज ते सायकलवाले दादा दिसले नाहीत’ असं कोणाच्या तरी मनात यायला हवं.

पंक्चर झालं तर काळोखात दुरुस्तीला बसू नका. खिशात सोल्यूशन-पॅच असला तरी उजेडापर्यंत ढकलत न्या, आणि उजेडात जमलं नाही तर सायकल त्या ओळखीच्या वॉचमनकडे साखळीने बांधून रिक्षाने घरी जा. पंक्चर कमी होण्यासाठी टायर रुंद घ्या, दीड ते दोन इंचांचं, आणि हवा दर आठवड्याला भरा. हवा कमी असलेलं चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटून दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात. बऱ्याच रात्रीच्या पंक्चरांचं मूळ खिळ्यात नसून तिथे असतं.

अपघात झाला तर सायकलवाल्यांची जुनी खोड सोडा: कपडे झटकून, लंगडत घरी जाण्याची. वाहनाने धडक दिली असेल तर नंबर, नाहीतर रंग आणि प्रकार लक्षात ठेवा, ११२ ला कळवा आणि पोलिसांना नोंद करायला लावा. ‘सायकलच तर आहे, कशाला पंचनामा?’ असं ठाण्यात कोणी म्हणालं, तरी हटू नका, कारण पुढचं सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंतचे, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत तिच्यात बसतात. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्याचा अर्ज महसूल खात्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो.

वाहनाचा संबंध नसून खड्ड्याने किंवा उघड्या चेंबरने पाडलं असेल, तर मार्ग वेगळा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि इजा झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. ती मिळवायची तर खड्ड्याचा फोटो त्याच रात्रीचा हवा. ठेकेदार कधी नव्हे तो दुसऱ्या सकाळी तत्परतेने खड्डा बुजवून जातो. फोटोत शेजारची पाटी किंवा दुकान येईल असं पाहा, रुग्णालयात ‘खड्ड्यामुळे सायकलवरून पडलो’ असं केसपेपरवर लिहून घ्या आणि कागदाची प्रत जपून ठेवा.

तक्रारी करत राहा, फक्त नेमक्या करा. ‘आमच्या भागात अंधार आहे’ या तक्रारीला पाय नसतात. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो द्या. विद्युत विभागाला मग शोधत फिरायला निमित्त उरत नाही. खड्डा पथ विभागाचा आणि चेंबर मलनिःसारण विभागाचा, म्हणून एकाच अर्जात तीन गोष्टी कोंबू नका, नाहीतर तो अर्ज तीन टेबलांवर फिरून चौथ्यावर झोपतो. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’वर फोटोसकट टाका आणि टोकन क्रमांक लिहून ठेवा. शक्य असेल तर शिफ्टमधल्या चौघांनी त्याच खांबाची तक्रार वेगवेगळी करा. काही दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा संदेश येईल. त्या रात्री परतताना खांबाखाली थांबून वर बघा, आणि दिवा बंदच असेल तर तिथूनच नवा फोटो काढून, जुना टोकन क्रमांक घालून, तक्रार पुन्हा उघडा.